ऊन आणि उसंत

आज २२ डिसेंबर, वर्षातला सगळ्यांत लहान दिवस. पांढुर्ण्याजवळच्या तिगावात आज दुपारी सव्वाबाराच्या सुमारास एखाद्या लेकराला मोकळ्या अंगणात उभं करावं आणि त्याची सावली दोऱ्याने मोजावी. मग तोच दोरा त्याच्या पायापासून डोक्यापर्यंत धरून पाहावा. दोन्ही मापं जुळतात. तीन वर्षांच्या मुलीची सावली तिच्याएवढी, शेजारी उभ्या आजोबांची त्यांच्याएवढी. तिगाव विषुववृत्ताच्या उत्तरेला साडेएकवीस अंशांच्या जरा वर आहे आणि सूर्य आज दक्षिणेला जवळपास साडेतेवीस अंश गेलेला असतो. बेरीज पंचेचाळीस. म्हणून भर दुपारचा सूर्य क्षितिज आणि माथा यांच्या ऐन मधोमध येतो. घड्याळात बारा वाजले तरी इथला खरा मध्यान्ह पंधराएक मिनिटं उशिरा होतो, म्हणून सव्वाबारा.

दर आठवड्याला त्याच जागी, त्याच वेळी सावली मोजावी आणि दोऱ्याला गाठ मारत जावं. मीटरभर उंचीच्या मुलाची सावली संक्रांतीला ९३ सेंटिमीटर भरते, जानेवारी संपताना ऐंशीच्या आसपास येते. मेच्या अखेरीस ती पायाखाली नाहीशीच होईल. संक्रांतीपासून दिवस तीळतीळ वाढतो असं आजी म्हणते, ते नातवाला बोटांनी चाचपता येतं. मोठ्या माणसाला ही करमणूक किरकोळ वाटेल, पण चार वर्षांच्या मुलासाठी आपल्याएवढी सावली हा मोठा शोध असतो.

हिवाळ्यात इतकं ऊन मिळणं हे आपलं केवढं भाग्य आहे! नॉर्वेची राजधानी ऑस्लो साठ अंशांवर आहे. आजच्या दिवशी तिथला दुपारचा सूर्य क्षितिजापासून जेमतेम सात अंश वर येतो आणि माणसाची सावली त्याच्या उंचीच्या आठपटीहून लांब पडते. तरी त्या देशात तान्ह्या बाळांना नीट गुंडाळून दुपारच्या झोपेसाठी बाबागाडीत बाहेर ठेवतात, आणि बालवाडीतली मुलं बर्फात खेळतात. आपल्याकडे मात्र नाक वाहू लागलं की दार लागतं, टोपरं कानांवर ओढलं जातं आणि लेकरू दिवसभर टीव्हीसमोर.

थंडीची भीती खोटी नाही. शंभरेक किलोमीटरवरच्या नागपुरात २९ डिसेंबर २०१८ रोजी पारा ३.५ अंशांवर उतरला होता. हवा कोरडी, आकाश निरभ्र, त्यामुळे जमिनीची ऊब रात्रभर निसटत राहते आणि पहाटे वावरात उभं राहवत नाही. पण त्याच कोरड्या हवेमुळे दुपारी पारा चांगला वर चढतो. सर्दी होते ती विषाणूंनी, आणि विषाणू एकमेकांकडे जातात ते दारं-खिडक्या लावलेल्या खोलीत जास्त. तेव्हा प्रश्न बाहेर न्यावं की नाही हा नसून कधी न्यावं हा आहे. साधारण दहा ते चार. त्यातही शक्य असेल तर अकरा ते दोनमधला थोडा वेळ, कारण त्वचेत ड जीवनसत्त्व तयार करणारे किरण सूर्य वर आल्यावरच पुरेसे मिळतात. सकाळचं कोवळं ऊन ऊब देतं, ते हवंच. पण सावली उंचीपेक्षा फार लांब असताना हे किरण फारच थोडे पोहोचतात. खिडकीची काच तर ते जवळपास सगळेच अडवते, म्हणून बंद खिडकीतून आत आलेल्या उन्हात बाळाला ठेवून ते काम होत नाही.

डोळ्यांचंही तसंच. चीनमधल्या ग्वांगझू शहरात सहा-सात वर्षांच्या मुलांना शाळेच्या वेळात रोज ४० मिनिटं जादा बाहेर ठेवून पाहिलं गेलं. २०१५ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तीन वर्षांत त्या मुलांपैकी ३०.४ टक्क्यांना लांबचं अंधुक दिसू लागलं होतं. जी मुलं नेहमीप्रमाणे वर्गात राहिली, त्यांच्यात हे प्रमाण ३९.५ टक्के होतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं की एक ते चार वर्षांच्या मुलांना दिवसभरात मिळून किमान तीन तास हालचाल हवी. आपल्या दोन खोल्यांत तीन तासांची हालचाल म्हणजे घरच्यांना तीन तासांची ओरड. बाहेर तीच हालचाल कोणाच्या डोळ्यांवर येत नाही.

आणि तिगावच्या बाहेर काय नाही! पांढुर्णा-सौसरचा हा सगळा पट्टा संत्र्यांचा. आंबिया बहाराची तोड आता संपत आलेली, मृगाची फळं झाडावर अजून हिरवी. पुढच्या आंबियासाठी बगीच्याचं पाणी तोडून तो ताणावर सोडायचे हे दिवस. शेजारच्या गव्हाला मात्र ओलीत सुरू असतं. दांडातून पाणी पळतं आणि त्यात संत्र्याच्या सालीची नाव सोडली की लेकरू तिच्यामागे धुऱ्याच्या टोकापर्यंत धावत जातं. तुरीच्या शेंगा भरलेल्या असतात. हरभऱ्याला घाटे धरले की त्यांचा हुळा भाजायचा, हात-तोंड काळं करायचं. ज्वारीच्या वावरावर भोरड्यांचे थवे उतरतात, ते मध्य आशियाकडून आलेले. ओलिताच्या कडेला शेपटी हलवत फिरणारा धोबी पक्षीही उत्तरेचा पाहुणा. तिगावचं स्टेशन नागपूर–इटारसी मार्गावर आहे आणि तिथून पुढे गाडी चिचोंड्याकडे घाट चढू लागते. मालगाडी चढावर रेंगाळली की दूर धुऱ्यावर बसून डबे मोजावेत. पन्नासाच्या पुढे जातात, आणि ज्याला वीसपर्यंतच येतात तो वीस वीस करून दोन-तीनदा मोजतो.

लहान मुलाला घेऊन निघताना एक गोष्ट मनाशी धरावी लागते: त्याला कुठे पोहोचायचं नसतं. पांदणीने बगीच्यापर्यंत जाताना दोन वर्षांचं पोर पहिल्याच ढेकळापाशी बसतं. ढेकूळ फोडतं, त्यातला किडा पाहतं, दुसरं ढेकूळ घेतं. आपण "चल, चल" म्हणत त्याला उचलतो आणि ज्यासाठी बाहेर आणलं, तेच हिरावून घेतो. त्या ढेकळापाशी अर्धा तास गेला, तर त्या दिवसाचं फिरणं तिथेच झालं असं समजावं.

काळजी घ्यायची ती थोडी, पण पक्की. फवारणी झालेल्या वावरात आणि बगीच्यात लेकराला नेऊ नये, फवारणीच्या औषधाच्या डब्याजवळ तर मुळीच नाही. विहिरीला कठडा नसेल तिथे हात सोडू नये. शेकोटीचा धूर तान्ह्याच्या छातीत जातो, म्हणून त्याला लांब ठेवावं. अख्खे हरभरे, शेंगदाणे, बोराच्या बिया चार वर्षांच्या आतल्या मुलाच्या श्वासनलिकेत अडकू शकतात. बोरनहाणात डोक्यावरून ओतलेलं सगळं मूल हाताला लागेल तसं तोंडात घालतं, तेव्हा कौतुकाच्या गर्दीत एकाने फक्त त्याच्या तोंडावर लक्ष ठेवावं. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हे बोरनहाण चालतं, आणि रथसप्तमीला अंगणात गोवऱ्यांवर सूर्याकडे तोंड करून दूध उतू घालतात. मुलांना उन्हात आणायची निमित्तं आपल्या पंचांगात अशी आधीपासूनच आहेत.

इथपर्यंतचं सगळं ज्याच्याकडे रविवारचे दोन तास आहेत, त्याच्यासाठी झालं. मला खरं बोलायचं आहे ते याच वावरातल्या दुसऱ्या मुलांबद्दल.

कापसाच्या वेचणीला आणि संत्र्याच्या तोडीला आया जातात, तेव्हा लहान लेकरं सोबतच असतात. तान्हं झाडाला बांधलेल्या लुगड्याच्या झोळीत, चालतं लेकरू पाच-सहा वर्षांच्या बहिणीच्या हवाली. त्यांना ऊन भरपूर आहे, माती आहे, पाखरं आहेत. नाही ती उसंत असलेलं माणूस. आईचे दोन्ही हात कापसात, कारण जितका कापूस वेचेल तितके पैसे. तिकडे गावातल्या आणि पांढुर्ण्यातल्या नोकरदार घरात मुलाजवळ बसायला आजी असते, संध्याकाळी बापही असतो, पण ऊन तोवर कललेलं असतं. एका लेकराजवळ ऊन आहे, दुसऱ्याजवळ माणूस. लहान मुलाच्या हिवाळ्याला दोन्ही एका वेळी लागतात. "पोराले जरा उन्हात ने ना वं माय," असं सुनेला सांगणारी म्हातारी अर्धीच गोष्ट सांगत नसते. ने म्हणजे तू बरोबर जा, हेही त्यात आलंच.

ही दोन टोकं एकत्र आणण्याचा मोठा प्रयत्न मराठी मुलखात झाला आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचं काम सुरू केलं. मुलं बालवाडीत येत नाहीत, तर बालवाडी त्यांच्या वाडीतल्या अंगणात भरू लागली. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथे आदिवासी मुलं गुरं राखायला रानात जात, म्हणून शिक्षकही रानात गेले आणि कुरणशाळा उभी राहिली. मूल जिथे उन्हात आहे तिथे मोठ्या माणसाने वेळ घेऊन जायचं, एवढं त्यांनी ओळखलं आणि वर्षानुवर्षं केलं. खडे, पानं, बिया हीच त्यांची साधनं होती, आणि तिगावच्या धुऱ्यावर ती पुष्कळ आहेत.

कायद्यालाही हे एकदा सुचलं होतं. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्यात, त्याच्या दुसऱ्या अनुसूचीत, लिहिलं गेलं की कामावर आलेल्या बायकांसोबत सहा वर्षांखालची पाच किंवा अधिक मुलं असतील, तर त्यांच्यातल्याच एकीला मुलं सांभाळायला नेमावं आणि तिला मजुरी द्यावी. मुलाजवळ बसणं हे काम आहे आणि त्या कामाला दाम आहे, हे इतक्या साध्या शब्दांत मी दुसऱ्या कुठल्या कायद्यात वाचलेलं नाही. मात्र तो नियम सरकारी कामाच्या जागेपुरता. खासगी बगीच्याला आणि वावराला तो लागू नव्हता.

बगीचेवाल्याने तो आपणहून लावावा. तोडीच्या दिवशी दहा-बारा बायका येत असतील, तर त्यांच्यातलीच एक, पोरांना जिचा लळा आहे अशी, झाडांच्या एका ओळीखाली मुलांपाशी बसावी आणि संध्याकाळी तिची रोजी इतरांइतकीच व्हावी. पाण्याचा माठ तिथे असावा, फवाऱ्याचं सामान तिथून दूर असावं. अंगणवाडीच्या ताईंनी आठवड्यातून एकदा आपली मुलं त्याच ओळीखाली आणली, तर गावातल्या पोरांनाही ऊन मिळेल. आणि रविवारी पांढुर्ण्याहून येणाऱ्या आई-बापांनी हुरड्याची चटई अंथरताना स्वतःच्या मुलापुरती जागा धरू नये. बगीचेवाल्याला यात हंगामातल्या काही रोजींचा खर्च पडेल. यंदाची तोड आटोपली असेल तर मृगाची फळं फेब्रुवारीत उतरतील. त्या पहिल्या तोडीला मजुरांची मोजणी करताना ही एक रोजी त्याने आधीच धरून ठेवावी.