वाघाची चाल मोडू नये

थोडा वेळ मोकळा ठेवा आणि हे सावकाश वाचा. परिच्छेद संपला की वाटल्यास थांबा, दोन-चार श्वास जाऊ द्या. मनाने आपल्याला कॉर्बेटच्या जंगलात जायचं आहे, वाघ पाहायला. कॅमेरा बरोबर घ्या, पण तो अजून पिशवीतच राहू दे.

एप्रिल महिना धरा. धनगढीच्या फाटकातून ढिकाल्याला जाणारा रस्ता सालवनातून जातो. ताडोब्याच्या सागवानात आणि बांबूत फिरलेल्याला हे वन सुरुवातीला परकं वाटतं. साल कधी पुरता उघडा पडत नाही. या दिवसांत जुनी पानं गळतात न गळतात तोच तांबूस-पोपटी पालवी येते. सरळसोट खोडं, एकामागे एक, आणि त्यांच्यामधून जमिनीवर पडलेले उन्हाचे कवडसे. डोंगरातून उतरणारे ओढे इथल्या दगडगोट्यांच्या भाबर पट्ट्यात जमिनीखाली जिरतात आणि पुढे दक्षिणेला तराईत पुन्हा वर येतात. त्यामुळे उन्हाळ्यात ओढ्यांची पात्रं पांढरी, कोरडी पडलेली असतात. वाघाला चालायला ती आवडतात. अशाच एका पात्राच्या काठाला गाडी उभी आहे. इंजिन बंद आहे.

आता डोळे मिटा.

पहिल्यांदा ऐकू येईल ती तुमचीच गडबड: कपड्यांची सळसळ, सीटचा कुरकुर आवाज, श्वास. ती निवू द्या. मग पानगळीचा आवाज येईल. सालाचं मोठं वाळलेलं पान खाली टेकताना ऐकू येतं. दूर रानकोंबडा आरवेल. त्याच्याही पलीकडे रामगंगेचं पाणी असेल, कदाचित. घाई करू नका. अशा शांततेत काही मिनिटं बसणं बहुतेकांना जड जातं, आणि वाघ पाहण्याची अर्धी तयारी ती एवढीच आहे.

मग एक तीक्ष्ण शीळ उठते. चितळ. ती ऐकून अंग ताठ होतं, पण चितळावर लगेच विसंबू नये. बिबट्या दिसला तरी ते ओरडतं, अजगर दिसला तरी आणि नुसतं काही हललं तरीही. वर सालाच्या शेंड्यावर वानराचा खकारा सुरू झाला तर कान अधिक द्या, कारण त्याला वरून दिसतं. आणि सांबराने तो जाड, घुमणारा ‘ढाँक’ दिला, एकदा, पुन्हा, तर मात्र वाघाबद्दल शंका फारशी उरत नाही. आवाज कुठून कुठे सरकतात ते ऐका. आधी उजवीकडे, मग समोर, मग थोडं डावीकडे. वाघ दिसलेला नाही, तरी त्याची वाट तुम्हाला ऐकू येते आहे. अख्खं रान त्याच्यावर नजर ठेवून आहे आणि तुम्ही त्या रानाचं बोलणं ऐकता आहात. माझ्या मते वाघ पाहण्यातला सर्वांत मोठा आनंद इथे आहे, आणि वाघ दिसण्याआधीच तो पूर्ण मिळालेला असतो.

डोळे उघडा. समोरच्या बारीक मातीत पाहा. पाऊल उमटलं आहे. कडा अजून ढासळलेल्या नाहीत, आत कीटकाची रेघ नाही, म्हणजे ताजं आहे. मागचा पाय बहुतेक पुढच्या पायाच्याच ठशावर पडलेला आहे. एवढ्या वजनाचं जनावर वाळल्या पानांतून जाताना पुढच्या पायाने जागा निवडतं आणि मागचा पाय त्या पारखलेल्या जागीच ठेवतं. तुमचं मनही थोडा वेळ या चालीने चालू द्या. एक पाऊल पारखायचं, दुसरं तिथेच ठेवायचं.

आणि आता तो येतो. येताना दिसतच नाही खरं तर, एकदम तिथे असतो. कवडशांच्या आणि सावल्यांच्या पट्ट्यांत त्याचे पट्टे मिसळून गेलेले असतात. आपल्याला भडक वाटणारा नारिंगी रंग चितळ-सांबरांच्या डोळ्यांना हिरव्याहून वेगळा दिसत नाही, त्यामुळे त्यांच्या लेखी तो गवतातच विरलेला असतो. पाहा. खांदे आलटून पालटून वर येतात. कानांच्या मागे पांढरे ठिपके. एका खोडाशी थांबून तो वास घेतो, शेपूट उचलून फवारा सोडतो, पुढे निघतो. प्रत्येक वाघाचे पट्टे निराळे असतात. हा जो समोर आहे त्याच्यासारखा दुसरा नाही, होणार नाही. एवढा एक विचार मनात ठेवा आणि नुसतं पाहत राहा.

आता कॅमेरा काढा, हळू.

इथे मला जे सांगायचं आहे ते सांगतो. वाघाचं छायाचित्र चांगलं की वाईट याची माझी एकच कसोटी आहे: ते काढताना वाघाची चाल बदलली का? तो ज्या वेगाने, ज्या दिशेने चालला होता तसाच गेला असेल, तर सावलीत थोडं काळवंडलेलं, थोडं हललेलं चित्रही मोलाचं आहे. आणि गाडी त्याच्या वाटेत आडवी घालून मिळवलेली धारदार नजर, मागे वळलेले कान, फटकारणारी शेपूट, हे कितीही सुंदर दिसलं तरी ती त्याच्या वैतागाची नोंद आहे.

या जंगलांचा वारसाही असाच आहे. एफ. डब्ल्यू. चॅम्पियन हे संयुक्त प्रांतातले वन अधिकारी. वाटेवर बारीक तार ताणून, ती तार आणि कॅमेरा यांची सांगड घालून त्यांनी रात्रीच्या अंधारात वाघांची छायाचित्रं मिळवली. वाघ आपल्या वाटेने जायचा आणि त्याच्याच पावलाने चित्र निघायचं. त्यांचं पुस्तक १९२७ मध्ये आलं. फ्लॅशच्या लखलखाटाने वाघ दचकत असणार, हे खरं. पण ज्या काळात वाघासमोर बंदूक धरणं हा मोठेपणा होता त्या काळात एका माणसाने तार आणि कॅमेरा निवडला. जिम कॉर्बेट यांना कॅमेऱ्याकडे वळवण्यात चॅम्पियन यांच्या कामाचा वाटा होता. कॉर्बेट यांनी पुढे वाघांचं चित्रीकरण केलं तेव्हा कॅमेऱ्याच्या घरघरीने वाघ बिथरू नयेत म्हणून ओढ्याला बांध घालून पाण्याचे छोटे धबधबे तयार केले. पाण्याच्या आवाजात यंत्राचा आवाज बुडावा एवढ्यासाठी ही खटपट. यावर थोडं थांबा. वाघाला बदलण्याऐवजी माणसाने स्वतःचा आवाज झाकण्यासाठी कष्ट घेतले.

बांधवगड आणि कान्हा इथल्या वाघांच्या विष्ठेतून तणावाची संप्रेरकं मोजली गेली, तेव्हा पर्यटनाच्या हंगामात त्यांचं प्रमाण वाढलेलं आढळलं. आपण गाडीत गप्प बसलो म्हणजे आपलं ओझं वाघावर पडत नाही असं नाही. ते कमी-जास्त करणं मात्र आपल्या हातात असतं.

पुन्हा श्वासाकडे या. वाघ पात्र ओलांडून पलीकडच्या झाडीत शिरला आहे. सांबराचा आवाज लांब गेला, मग थांबला. वाघ बसला असेल किंवा सांबराच्या नजरेआड झाला असेल. कॅमेऱ्यात काय आलं ते लगेच तपासू नका. आधी त्याची चाल आठवा. कुठे थांबला, कुठे वळला, तुमच्याकडे पाहिलं का. आठवण ताजी असेपर्यंत ती डोळ्यांत फिरू द्या. पडदा नंतर बघता येईल.

देशातल्या व्याघ्र प्रकल्प योजनेची सुरुवात याच ढिकाल्यातून १ एप्रिल १९७३ रोजी झाली. २०२२ च्या गणनेत एकट्या कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पात २६० वाघ नोंदले गेले, देशातल्या कुठल्याही प्रकल्पापेक्षा जास्त. म्हणजे इथे गेलात तर दिसण्याची आशा नक्की ठेवा. पण दिसला आणि चालक उत्साहाने गाडी पुढे काढू लागला, तर त्याच्या खांद्यावर हात ठेवा. चालकांना वाटतं की पाहुण्यांना जवळूनच हवं असतं, आणि बहुतेक वेळा पाहुण्यांनीच त्यांना तसं शिकवलेलं असतं. त्याला साध्या शब्दांत सांगा: भैया, गाड़ी पीछे लीजिए, उसे निकलने दीजिए.