पट्टा, माळ आणि माझी घाई

॥ श्रीसद्गुरुनाथाय नमः ॥



गेल्या गुरुवारी निपाणीच्या बैठकीत एका ताईंनी विचारलं, "वहिनी, डोक्याला लावायचं ते मशीन तुमच्याकडं आहे म्हणे. मन थाऱ्यावर येतंय काय त्यानं? आमच्या ह्यांना जपाला बसवतच नाही की." मी तिथं नीट उत्तर दिलं नाही. लाज वाटली. म्हणून आज सगळ्या गटांसाठी मिळून लिहिते.

होय, आहे. दिवाळीनंतर मागवलं. मोबाईलवर जाहिरात आली, रोज २० मिनिटं लावा, एकाग्रता वाढेल. मला वाटलं, तीस वर्षं माळ ओढतोय आपण, आणि अजून तिसऱ्या मण्याला मन भाजीवर नाहीतर लेकाच्या फोनवर. गुरुदेवांना विचारलं नाही, डॉक्टरांनाही नाही. घरात सांगितलं, डोकेदुखीसाठी आहे. बी.एस्सी. झालेली बाई मी, तरी खोटं बोलले.

वस्तू साधीच. कपाळाला पट्टा, आत दोन स्पंज, ते मिठाच्या पाण्यात भिजवायचे आणि बॅटरीतून एक-दोन मिलिअँपिअरचा बारीक प्रवाह कवटीतून आत सोडायचा. टीडीसीएस म्हणतात याला. मुंग्या येतात, खाजतं. पहिल्या दिवशी जप छान झाला. खरंच झाला! दुसऱ्या दिवशीही. मी महिला गटात तसं सांगूनही टाकलं. पाचव्या दिवशी पट्टा पुसताना पाहिलं, तर एका स्पंजची तार आतून सुटलेली. कधीपासून कोण जाणे. पण आदल्या संध्याकाळी मला मुंग्यासुद्धा आल्या होत्या, आणि जप तर सगळ्यांत चांगला झाला होता.

हे लेकीला सांगितलं तर ती हसली आणि एक गोष्ट वाचायला पाठवली. कॅनडात मायकेल पर्सिंजर नावाचे शास्त्रज्ञ होते. त्यांनी एक शिरस्त्राण केलं होतं. त्यातून डोक्याला मंद चुंबकीय क्षेत्र द्यायचं. ते घालून बसलेल्या कितीतरी जणांना शेजारी कुणीतरी असल्याचा भास झाला, काहींना तर देवाचा. लोक त्याला देवाचं हेल्मेटच म्हणू लागले. मग स्वीडनमधल्या उप्साला इथल्या संशोधकांनी तोच प्रयोग पुन्हा केला. यंत्र चालू आहे की बंद, हे बसणाऱ्यालाही माहीत नाही आणि प्रयोग घेणाऱ्यालाही नाही. २००५ साली त्यांनी छापलं की चालू-बंदचा काही फरक दिसला नाही, ज्याचं मन सूचनेला लवकर भुलतं त्याला अनुभव जास्त आला. पर्सिंजर यांनी ते मान्य केलं नाही, ते असो. मला मात्र माझी सुटलेली तार दिसली.

इथवर हसण्यावारी नेता आलं असतं. पण तार मी जोडून घेतली होती, आणि माझी ती बढाई धाकट्या दिरांच्या मुलानं ऐकली होती. तो नीटची तयारी करतोय. रात्री सगळे झोपल्यावर तो पट्टा लावून अभ्यासाला बसायचा. एका रात्री स्पंज सुकले, त्याला डुलकी लागली. सकाळी जाऊबाईंनी त्याचे केस वर केले, तर कपाळावर आठ आण्याएवढा भाजल्याचा चट्टा. लहानपणी तापात त्याला दोनदा झटके आले होते, हे मला माहीत होतं. माझ्याच मांडीवर होता तो तेव्हा.

बेळगावला मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं. देवाच्या दयेनं बाकी काही नाही. ते म्हणाले, झटके येऊन गेलेल्यांना अशा प्रयोगांत बहुधा घेतच नाहीत. मग त्यांनी विचारलं, "यंत्र कुणाचं?" मी म्हटलं, माझं.

प्रवाह खोटा आहे असं मी म्हणत नाही. बेंगळुरूच्या निम्हान्समध्ये हाच उपाय मानसिक आजाराच्या रुग्णांवर वापरतात, ज्यांना कानात आवाज ऐकू येतात अशांवरही. पण तिथं तपासणारा डॉक्टर असतो. २०१६ मध्ये मेंदूच्या अभ्यासकांनी घरी प्रयोग करणाऱ्यांसाठी खुलं पत्र छापलं. प्रवाह स्पंजाखालीच थांबत नाही, त्या वेळी तुम्ही काय करता यावर परिणाम बदलतो, आणि एकाला लागू पडलं ते दुसऱ्याला पडेलच असं नाही. ऑक्सफर्डचा २०१३ चा एक प्रयोग तर पालकांनी ध्यानात ठेवावा असा. डोक्याच्या एका जागी प्रवाह दिला तर लोक नवी अंकचिन्हं लवकर शिकले, पण शिकलेलं सहज वापरण्यात मागे पडले. दुसऱ्या जागी दिला तर बरोबर उलटं.

आपल्या निपाणीला हे नवीन नाही. मिश्री लावली की डोकं हलकं होतं म्हणणाऱ्या बायका घरोघरी होत्या. माझ्या सासूबाईही. सुरुवात दातांसाठीच झाली होती.

गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुन हीच तक्रार करतो, मन वाऱ्यासारखं आहे, धरवत नाही. भगवंत त्याला "नाही रे, सोपं आहे" असं म्हणत नाहीत. कठीण आहे हे आधी कबूल करतात, मग अभ्यास आणि वैराग्य सांगतात. मला त्यातला अभ्यास नको होता आणि वैराग्य तर नकोच होतं. मला पार्सल हवं होतं. गुरुदेवांच्या पायाशी जाऊन सगळं सांगितलं. रागावले नाहीत. आधी मुलाची चौकशी केली. मग विचारलं, "जप चांगला झाला हे महिला गटात सांगायची घाई का झाली?" मला उत्तर देता आलं नाही, अजून देता येत नाही.

तर ताई, तुमच्या यजमानांना बसवत नसेल तर पाच मिनिटं बसू देत, खुर्चीवर बसू देत. झोप उडाली असेल, उदास वाटत असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा, चालू गोळ्या गुरुदेवांचं नाव सांगून बंद करू नका. आणि पट्टा मागू नका, मी देणार नाही. बॅटरी काढून कपाटात कुलपात ठेवलाय.

पुतण्याचा चट्टा फिका पडतोय. जाऊबाई चार दिवस माझ्याशी बोलत नव्हत्या. काल भाकरी करताना म्हणाल्या, "अक्का, पीठ सैल झालंय की."

येत्या गुरुवारी बैठक संध्याकाळी पावणेसहाला आहे. प्रसादाला शिरा आमच्याकडून.

जय गुरुदेव.
— आपली एक सेविका