हटविणे आणि हलविणे

‘अतिक्रमण हटविण्यात येईल’ हे तीन शब्दांचे वाक्य महाराष्ट्रातील लहानमोठ्या गावांच्या सूचनाफलकांवर इतके सरावाचे झाले आहे, की त्यातील क्रियापद काय सांगते आणि काय सांगण्याचे टाळते, याचा विचार सहसा कोणी करीत नाही; परंतु ज्याची रोजची भाकरी त्या क्रियापदाच्या कक्षेत येते, त्याच्यापुरता हा प्रश्न केवळ व्याकरणाचा राहत नाही.

हटणे म्हणजे माघार घेणे. त्याचे प्रयोजक रूप हटविणे. आणि माघार घ्यावयास लावायची ती प्रतिपक्षास, म्हणून समोरच्यास अडथळा लेखण्याचा भाव या क्रियापदात मुळातच आहे. हलविणे या क्रियापदाची प्रकृती निराळी. रुग्णास नाशिकला हलविले, बिऱ्हाड मालेगावला हलविले, असे आपण म्हणतो, आणि ‘कोठे’ याचे उत्तर मिळेपर्यंत ऐकणाऱ्याचे समाधान होत नाही. १९७१ च्या निवडणुकीत ‘गरिबी हटाव’ ही घोषणा देशभर गाजली, तेव्हा हटलेली गरिबी कोठे जाईल, असे कोणी विचारले नाही, आणि विचारण्याचे कारणही नव्हते. माणसाच्या बाबतीत मात्र तो प्रश्न टाळणे हा अन्याय होय.

कळवण, सटाणा, मालेगाव आणि देवळा मिळून ज्या टापूस कसमादे म्हणतात, त्यातील देवळा १९९९ मध्ये तालुक्याचे ठिकाण झाले. गाव तालुक्याचे झाले की कचेऱ्या येतात, वर्दळ वाढते आणि रस्त्याच्या कडेच्या हातभर जागेसही मोल येते. अशा गावात मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या मांडून बसलेली बाई, मोहिमेची गाडी दिसताच गोणपाटाची चारही टोके मुठीत धरून माल उचलते, आणि गाडी वळणाआड गेली की पन्नास पावलांवर तेच गोणपाट पुन्हा अंथरते. दप्तरात मात्र अतिक्रमण हटविल्याची नोंद होऊन प्रकरण निकाली निघते. रस्ता मोकळा असावा, रुग्णवाहिकेस वाट मिळावी, हे निर्विवाद. पण या नोंदीने रस्ताही मोकळा होत नाही आणि त्या बाईची तजवीजही लागत नाही.

कायदा या बाबतीत दप्तराच्या भाषेहून पुष्कळ पुढे गेला आहे. मुंबईच्या पदपथवासीयांच्या खटल्यात, १९८५ साली, सर्वोच्च न्यायालयाने पदपथ मोकळे करण्याचा पालिकेचा अधिकार मान्य करूनही उपजीविकेचा हक्क जीविताच्या हक्कातच अंतर्भूत असल्याचे सांगितले. आणि २०१४ च्या पथविक्रेता अधिनियमाने विक्रेत्यांचे सर्वेक्षण पुरे होऊन प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत कोणासही उठविण्यास मनाई केली, एवढेच नव्हे तर त्यानंतरही ३० दिवसांची नोटीस आवश्यक ठरविली. जागेवरून उठविणे आणि दुसऱ्या जागी बसविणे या दोन गोष्टी या कायद्याने स्वतंत्रपणे ओळखल्या आहेत.

म्हणून मागणी साधी आहे. माणसांविषयीच्या हुकुमात हटविणे हे क्रियापद वापरू नये. हलविणे लिहावे, आणि त्यापुढे नवी जागा व तारीख नमूद करावी. ‘कोठे’ याचे उत्तर ज्या हुकुमात नाही, त्यावर अधिकाऱ्याने सही करू नये, आणि नागरिकांनीही तो निमूटपणे मान्य करू नये.