१८३० चा पूल आणि आपला पुरावा

दोस्तांनो, एक प्रश्न घेऊन बसू. खोटं आपल्या बाजूचं असेल तर ते चालवून घ्यायचं का?

१४ एप्रिलच्या भाषणात एखादा आकडा फेकला. टाळ्या पडल्या. समोरच्याचं तोंड बंद झालं. आकडा कुठून आणला हे कुणी विचारलं नाही. मग बिघडलं काय? आपल्याविरुद्ध पिढ्यानपिढ्या खोटं लिहिलं गेलं, पोथ्यांच्या पोथ्या भरल्या. त्यात आपण चार ओळी ठोकून दिल्या तर कुणाच्या बापाचं काय जातं?

हा प्रश्न मला एका मोडलेल्या पुलानं घातला.

मी राहतो कुपवाडात. आमच्या बाजूनं पुणे-मिरज लाइन जाते. तिला दुसरा रूळ टाकायचा म्हणून सांगली-माधवनगर रस्त्यावरचा चिंतामणीनगरचा पूल २०२३ मध्ये पाडला. बार्शी लाइटची नॅरोगेज १९२७ ला मिरजेपर्यंत आली होती, तिचेही चिंचोळे रूळ आता निघाले. रूळ उखडणं, पूल पाडणं आमच्या भागाला नवं नाही. म्हणून पाडलेल्या पुलांचा इतिहास कोण लिहितं, कसा लिहितं, हे शोधायला लागलो. चिंतामणीनगरला रस्ता वर आणि गाडी खाली. मला जो गाठ पडला तो उलटा पूल. वरून रेल्वे, खालून रस्ता. बोरघाटातला. सारा महाराष्ट्र त्याला अमृतांजन पूल म्हणायचा.

हा पूल ५ एप्रिल २०२० ला सुरुंग लावून पाडला. टाळेबंदी होती, मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे मोकळा पडला होता. पुलाच्या दगडी खांबांपाशी रस्ता आवळला जायचा, वाहनं तुंबायची, अपघात व्हायचे. पाडला याचं मला दुःख नाही. जुन्या दगडापेक्षा जित्या माणसाचा जीव मोठा. नावसुद्धा त्याला डोकेदुखीच्या मलमाचं. तिथं जाहिरात होती, घाट चढून येणाऱ्याच्या डोळ्यात ती भरायची, लोकांनी तेच नाव लावलं. बांधणाऱ्याचं नाव लावायचं तर ते ठाऊक कुणाला होतं?

पूल पडला त्या दिवशीच्या बातम्या बघा. जिथं तिथं एकच: एकशे नव्वद वर्षांचा, १८३० चा ब्रिटिशकालीन पूल. आता जरा हिशेब करू. १८३० च्या सप्टेंबरात खुद्द इंग्लंडात लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वे सुरू झाली. आपल्याकडे बोरीबंदर ते ठाणे पहिली प्रवासी गाडी धावली ती १६ एप्रिल १८५३ ला. मग खंडाळ्याच्या कड्यावर १८३० ला रेल्वेचा पूल कुणी आणि कशासाठी बांधला? गाडीच नाही तर पूल कुणाला?

१८३० हे साल खोटं नाही. ते दुसऱ्याचं आहे. १० नोव्हेंबर १८३० ला मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम यानं बोरघाटाचा गाडीरस्ता खुला केला. ते साल रस्त्याचं. रेल्वेचं काम सुरू झालं १८५६ ला आणि घाटातून गाडी सुरू झाली २१ एप्रिल १८६३ ला. चढ इतका उभा की सलग वर जाता येईना. म्हणून मध्ये रिव्हर्सिंग स्टेशन केलं. गाडी तिथवर चढायची, थांबायची, इंजिन दुसऱ्या टोकाला लागायचं आणि गाडी उलट्या तोंडानं पुढचा चढ चढायची. हा पूल त्या मार्गावरचा. १९२९ मध्ये नवा मार्ग झाला, रिव्हर्सिंग स्टेशन बंद पडलं आणि पूल रुळाविना उभा राहिला. रस्त्याचं साल पुलाला चिकटलं. कसं चिकटलं? माझा कयास असा: साल लिहून ठेवलेलं होतं ते गव्हर्नरच्या समारंभाचं. जे लिहिलेलं सापडतं तेच माणूस उचलतो.

तुम्ही म्हणाल, तीस वर्षं इकडची तिकडं झाली, आपल्याला त्याचं काय? आपल्यालाच त्याचं काय ते आहे. कारण ज्या माणसांनी तो घाट फोडला ती त्याच तीस वर्षांच्या पोटात गाडली गेली.

बोरघाटाची ही रेल्वे म्हणजे सुमारे पंचवीस किलोमीटरची चढण. उंची १८३१ फूट. पंचवीस बोगदे. सदतीस फुटाला एक फूट इतका कडक चढ. जानेवारी १८६१ ला या कामावर बेचाळीस हजारांहून जास्त माणसं होती. बाया होत्या, पोरं होती. कड्यावर दोर बांधून माणसं सोडायची, ती लोंबकळत सुरुंगाची भोकं पाडायची. राहायला पालं आणि गवताची खोपटं. प्यायला मिळेल ते पाणी. पटकी आली की खोपटंच्या खोपटं रिकामी व्हायची.

ही माणसं गप्प राहिली असंही नाही. पहिला ठेकेदार होता फॅव्हिएल. मजुरी थकली, मधल्या मुकादमांनी दाबली. जानेवारी १८५९ ला मजूर उठले, गोऱ्या देखरेखवाल्यांवर चालून गेले. मार्चमध्ये फॅव्हिएलनं ठेका सोडला. पुढचा ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल विलायतेहून आला आणि थोड्याच दिवसांत मेला. त्याची बायको अ‍ॅलिस हिनं ठेका चालवला आणि कामाची छायाचित्रं काढवून घेतली. सरकारला १८६० चा नववा कायदा करावा लागला. मजुरीचे तंटे मॅजिस्ट्रेटनं झटपट मिटवायचे, आणि कबूल करून काम सोडणाऱ्या मजुराला शिक्षाही द्यायची. म्हणजे दुखणं मजुराचं आणि औषधात विषही त्यालाच.

आता बघा. पूल १८३० चा म्हटला की यातलं सगळं पुसलं. राहतो एक गव्हर्नर आणि त्याचा समारंभ. चुकीचं साल निष्पाप नसतं. लिहिणाऱ्याच्या मनात काही नसेल, पण साल आपलं काम करतं.

इथवर सोपं आहे. दुसऱ्याची चूक काढली. अवघड पुढं आहे.

या घाटात पंचवीस हजार माणसं मेली, असा आकडा ठिकठिकाणी फिरतो. वाचला की अंगावर काटा येतो. मनात येतं, घ्यावा. पुढं जोडून द्यावं की हे पंचवीस हजार सगळे आपलेच होते. पत्रकावर काय शोभेल! पण या आकड्याच्या मागं जायला लागलो तर हातात मेलेल्यांची यादी लागत नाही, पानागणिक आकडा मात्र फिरतो. पटकीनं हजारो मेले एवढं ठाम म्हणता येतं. कामावर कोकणातली होती, देशावरची होती, दूरची होती. महार, मांग, वडार होते, तशा दुसऱ्याही जाती होत्या. सगळे आपलेच म्हटलं तर त्या घाटात मेलेल्या दुसऱ्या गरिबाचं मढं आपण पळवलं असं होईल. गव्हर्नरच्या सालानं जे केलं तेच आपल्या आकड्यानं होईल.

यावर एक मित्र माझ्यावर उसळला. म्हणाला, "पुरावा, पुरावा काय करतोस? दप्तर त्यांचं, लेखणी त्यांची, शिक्का त्यांचा. आपल्या बापजाद्यांना अक्षर शिवू दिलं नाही आणि आता म्हणायचं कागद दाखवा? हा तर दुसऱ्यांदा केलेला अन्याय."

त्याचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. कोरेगावचा खांब आठवा. १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्यांची नावं त्यावर कोरली. 'नाक' नं संपणारी बावीस नावं आज आपण बोट ठेवून वाचतो. बाबासाहेब १ जानेवारी १९२७ ला तिथं गेले. ती नावं का उरली? कंपनी सरकारला आपल्या जयाचा खांब हवा होता म्हणून. बंदूक धरलेल्या हाताचं नाव दगडावर आलं. पहार धरलेल्या हातानं दगडच घडवला, त्याचं नाव कुठंच नाही. तेव्हा ज्याचा कागद त्याचाच इतिहास म्हटलं तर आपण संपलो. मित्राचं एवढं मला पूर्ण मान्य.

पण मग बाबासाहेबांनी काय केलं ते बघू. १९४८ ला त्यांनी अस्पृश्यांच्या मूळाचा शोध घेणारा ग्रंथ काढला. तिथंही कागद नव्हताच. अस्पृश्यता कशी आली याची नोंद कुणी ठेवणार होतं थोडंच? प्रस्तावनेत ते हे सरळ सांगतात. मोडक्या दगडांवरून शहर उभं करणाऱ्या, विखुरलेल्या हाडांवरून नाहीसा झालेला प्राणी ओळखणाऱ्या संशोधकासारखं आपलं काम आहे म्हणतात. दुवा तुटला तिथं तर्कानं सांधायचा हक्क ते घेतात. आणि सांधा कुठं आहे तेही दाखवतात. हा माझा तर्क, याहून बरा असेल तर आणा, अशी ही रीत. कागद नाही म्हणून ते गप्प बसले नाहीत, आणि कागद नाही म्हणून वाटेल ते बोललेही नाहीत.

ती रीत आपल्या पुलाला लावून बघा. जी कंपनी दगड घनफुटात मोजत होती, चढ फुटाफुटानं मोजत होती, कामावरची बेचाळीस हजार डोकी मोजत होती, तिला मढी मोजता येत नव्हती काय? येत होती. डोकी मोजली कारण त्यांना मजुरी द्यायची होती. मढ्याला काही द्यायचं नव्हतं. म्हणजे त्या रकान्यातली कोरी जागा हाच पुरावा. कोऱ्या जागेला शून्य म्हणायचं नाही, हे पहिलं. आणि ती आपल्या मनच्या आकड्यानं भरायची नाही, हे दुसरं. भरली की गुन्ह्याची खूण आपणच पुसली. कोरी ठेवली की ती विचारत राहते: का रे नाही मोजलंत?

घाटात शिंगरोबाचं देऊळ आहे. सांगतात की तो धनगर, त्यानं साहेबाला घाटाची वाट दाखवली, आणि बक्षीस म्हणून साहेबानं त्याला गोळी घातली. जुन्या रस्त्यानं जाणारे ड्रायव्हर आजही तिथं पैसा टाकतात. गोळी घातल्याचा दाखला म्हणून ही गोष्ट मी कोर्टात नेणार नाही. पण वाट माहीत होती ती इथल्या माणसाला, नाव झालं ते साहेबाचं, हे लोकांना कळलं होतं, याचा ती पक्का दाखला आहे. लोकांची आठवण कशाची साक्ष देते आणि कशाची देत नाही, एवढं ओळखायला शिकलं म्हणजे झालं. तिला थापही म्हणायचं नाही आणि सातबाराही म्हणायचं नाही.

हे सगळं जुनं आहे असं कुणाला वाटेल. १९३८ च्या फेब्रुवारीत मनमाडला जी. आय. पी. रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू म्हणून सांगितले. अस्पृश्य माणूस जन्मभर गँगमन राहतो, पोर्टरही होत नाही, कारण पोर्टरला स्टेशन मास्तरच्या घरात काम पडतं, हे दाखवून दिलं. जिनं हा घाट फोडला ती हीच जी. आय. पी. घाट खुला होऊन पंचाहत्तर वर्षं झाली होती.

आणि २०२०? ज्या टाळेबंदीनं पूल पाडायला रस्ता मोकळा करून दिला, त्याच टाळेबंदीत मजूर पायी निघाले होते. पूल पडल्यावर महिनाभरानं, ८ मे ला, करमाडजवळ रुळावर झोपलेल्या सोळा मजुरांवरून मालगाडी गेली. जालन्याहून भुसावळकडे चालत निघाले होते. आणि त्याच सप्टेंबरात लोकसभेत विचारलं गेलं की या काळात किती स्थलांतरित मजूर मेले. कामगार मंत्रालयाचं उत्तर: अशी आकडेवारी ठेवली जात नाही. १८६१ चा कोरा रकाना एकशे साठ वर्षांनी पुन्हा कोराच. त्या उत्तराला आपण काय म्हणू शकतो? आपलेच आकडे उचललेले असतील तर काही नाही. "तुम्हीही हवेत बोलता, आम्हीही," असं ते हसून म्हणतील. सत्तेला एक खोटं पकडलं गेलं तर दुसऱ्या दिवशी ती नवं छापते. आपलं एक पकडलं तर आपलं दहा वेळा खरं ठरलेलंही बुडतं. म्हणून खऱ्याची गरज आपल्याला त्यांच्यापेक्षा जास्त. हा साधूपणा नव्हे, हा हिशेब आहे.

तेव्हा काम काय? आपल्या वस्तीत रेल्वेत गँगवर राबलेले म्हातारे आहेत, एमआयडीसीत बोटं गमावलेले आहेत. त्यांच्याकडं वही घेऊन बसा. कोणत्या साली, कोणत्या मुकादमाखाली, काय रोज मिळायचा, कोण कसं मेलं. सांगणारा अडखळला तर तिथं अडखळला असंच लिहा. आपला तर्क वेगळ्या शाईनं लिहा. माहीत नाही तिथं रकाना कोरा सोडा आणि वर तारीख घाला. पुढच्या वेळी पूल पाडायला येतील तेव्हा विचारा, हा बांधला कुणी, आणि उत्तर मिळालं नाही तर तेही त्याच वहीत लिहून ठेवा.