ई-रीडरच्या मेन्यूतली एक ओळ

सुरतेत सतराव्या शतकात भीमजी पारेख नावाचे व्यापारी होते. ईस्ट इंडिया कंपनीची दलाली करणारे, पैशाने आणि वजनाने मोठे. १६७० मध्ये त्यांनी कंपनीकडे एक मागणी केली: मुद्रणाची विद्या जाणणारा माणूस इकडे पाठवा. आपल्याकडचे जुने ग्रंथ छापावेत अशी त्यांची इच्छा होती. मागणी मान्य झाली आणि हेन्री हिल्स हा मुद्रक यंत्र, खिळे आणि कागदासह १६७४ मध्ये मुंबईला उतरला. हिल्सला छापता येत होते, नव्या लिपीचे खिळे पाडता येत नव्हते. भीमजींनी आपल्या माणसांकडून इथल्या लिपीचे खिळे घडवून घेण्याचा प्रयत्न केला, विलायतेहून खिळे पाडणारा कारागीरही मागवला. तरी मनातले पुस्तक त्या यंत्रातून बाहेर पडले नाही. अनंत काकबा प्रियोळकरांनी भारतीय मुद्रणाच्या इतिहासात ही हकिकत नोंदवून ठेवली आहे.

यंत्र दाराशी आले, पण त्यात आपले अक्षर बसवण्याची विद्या आली नाही. हाच प्रश्न आज आपल्या हातातल्या ई-रीडरच्या बाबतीत उभा आहे. किंडल असो वा कोबो, पैसे मोजून आपण तो विकत घेतो. त्यात कोणते पुस्तक कोणत्या वाटेने यावे आणि मेन्यूत काय दिसावे, हे मात्र बनवणाऱ्या कंपनीने आधीच ठरवलेले असते.

दुरून फाईल आत घालण्याची किंवा बाहेर काढण्याची सोय म्हटली की अनेकांना ती काही तरी चोरटी करामत वाटते. खरे तर ती सोय बहुतेक वायफायवाल्या ई-रीडरमध्ये पहिल्या दिवसापासून असते. फक्त ती कंपनीच्या हुकमाने चालते. जुलै २००९ मध्ये जॉर्ज ऑर्वेलची '१९८४' आणि 'अ‍ॅनिमल फार्म' ही पुस्तके अ‍ॅमेझॉनने ग्राहकांच्या किंडलवरून परस्पर काढून घेतली. विकणाऱ्याकडे हक्क नव्हते, असे कारण होते. पैसे परत मिळाले आणि कंपनीच्या प्रमुखांनी माफीही मागितली. पण विकत घेतलेले पुस्तक घरातून न विचारता उचलले जाऊ शकते, हे त्या दिवशी कळले. २६ फेब्रुवारी २०२५ पासून विकत घेतलेले पुस्तक संकेतस्थळावरून संगणकावर उतरवून केबलने किंडलमध्ये घालण्याची सोयही अ‍ॅमेझॉनने बंद केली. म्हणजे वाट आहेच. ती कोणाच्या हुकमाने उघडते, एवढाच वाद आहे.

हा हुकूम वाचकाकडे आणणे वाटते तितके अवघड नाही. कोबोचेच उदाहरण घेऊ. हे यंत्र आतून लिनक्सवर चालते आणि त्याच्या वाचनाच्या सॉफ्टवेअरचे नाव निकेल. त्यावर बसणारी 'निकेलमेन्यू' ही छोटी जोड काही प्रोग्रामरांनी फुकट आणि खुली करून दिली आहे. केबल लावून एक फाईल एका लपवलेल्या फोल्डरमध्ये ठेवायची, केबल काढली की यंत्र स्वतःच पुन्हा सुरू होते आणि मेन्यूत नवा रकाना येतो. त्यात काय दिसावे हे एका साध्या मजकुराच्या फाईलमध्ये लिहायचे. ओळ एकच असते आणि अपूर्णविरामांनी तिचे तुकडे पडतात: ही मेन्यूची नोंद आहे, ती कोणत्या मेन्यूत दिसावी, तिचे नाव काय असावे, दाबल्यावर कोणत्या प्रकारची कृती व्हावी आणि ती कशावर. नको झाले तर 'अनइन्स्टॉल' नावाची रिकामी फाईल निकेलमेन्यूच्या फोल्डरमध्ये ठेवली की सारे पूर्ववत.

या ओळीने 'कोरीडर' हे दुसरे खुले सॉफ्टवेअर सुरू करता येते. त्याच्या नेटवर्कच्या मेन्यूत एसएसएच सर्व्हरची सोय आहे. ती चालू केली की त्याच वायफायवरच्या फोनवरून किंवा संगणकावरून, २२२२ क्रमांकाच्या पोर्टमधून, ई-रीडरचे फोल्डर उघडता येतात. पुस्तक फोनवरून थेट समोरच्या यंत्रात जाते; परदेशातल्या कोणाच्या सर्व्हरला वळसा घालत नाही.

याची गरज कोणाला, असे विचारले जाईल. सुरतेत उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या भागांत मराठी माणसांची मोठी वस्ती आहे. नंदुरबार, धुळे, जळगावकडून तापीकाठच्या रेल्वेने आलेली ही कुटुंबे. महानगरपालिका मराठी माध्यमाच्या शाळा चालवते, पण मराठी पुस्तकांचे दुकान वाटेवर सहज लागत नाही. इंटरनेटवर मात्र मराठीचे मोठे धन मोकळे पडले आहे. साने गुरुजी १९५० मध्ये गेले. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे स्वामित्वहक्क राहतो, म्हणून २०११ पासून त्यांची पुस्तके सर्वांची झाली. बहिणाबाईंची गाणी त्यांच्या निधनानंतर १९५२ मध्ये छापली गेली; तेव्हापासून साठ वर्षे मोजून तीही २०१३ पासून मोकळी आहेत. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची कितीतरी पुस्तके पीडीएफमध्ये फुकट मिळतात.

हे सारे फोनवर उतरते, आणि फोनच्या उजळ पडद्यावर आजोबांचे डोळे दुखतात. ई-रीडरचा पडदा कागदासारखा शांत, पण छापील पानावरून काढलेल्या पीडीएफचे अक्षर सहा इंचांत मुंगीएवढे होते. कोरीडरमध्ये समास कापता येतात, ओळी तोडून मोठ्या अक्षरांत मांडता येतात; अक्षर लहानमोठे करता येणाऱ्या ई-पुस्तकांत आवडीचा देवनागरी फॉन्टही घालता येतो. नातवाने स्वयंपाकघरातून पुस्तक पाठवावे आणि आजोबांनी ओट्यावर बसून ते मोठ्या अक्षरात वाचावे, इतकी साधी गोष्ट आहे ही. कोणत्याही कंपनीच्या हिशेबात हा आजोबा ग्राहक म्हणून येत नाही. म्हणून त्याच्यासाठीची ओळ घरच्यांनाच लिहावी लागते.

जगभर हे असेच घडत आले आहे. २००६ मध्ये सोनीचा ई-रीडर आला, तेव्हा तो लिनक्सवर चालणाऱ्या संगणकाशी जुळत नव्हता. कोविद गोयल या भारतीय विद्यार्थ्याने स्वतःची अडचण दूर करण्यासाठी एक प्रोग्राम लिहायला घेतला. त्यातून 'कॅलिबर' उभे राहिले, आणि आज ई-पुस्तके सांभाळणाऱ्या जगभरच्या वाचकांचे ते रोजचे साधन आहे. सुरतेला यात नवल वाटू नये. इथल्या जकार्ड मागांवर नवे डिझाइन चढवताना यंत्र बनवणाऱ्या कंपनीची परवानगी कोणी मागत नाही; मागावी लागली असती तर हे शहर कापडाचे शहर झालेच नसते.

हक्काबरोबर जबाबदारीही येते, आणि ती हलकी नाही. एसएसएचने आत शिरणारा माणूस यंत्राचा पूर्ण मालक होऊन शिरतो. काहीही पुसू शकतो, यंत्र बंद पाडू शकतो. पासवर्डशिवाय प्रवेश देण्याचा पर्याय कोरीडरमध्ये आहे आणि त्याच्यापुढे 'धोकादायक' असा इशाराही दिलेला आहे. चार खोल्यांत एकच राउटर वाटून घेणाऱ्या चाळीत तो पर्याय कधीही वापरू नये. आपल्या फोनची डिजिटल किल्ली नोंदवून ठेवावी आणि काम झाले की सर्व्हर बंद करावा. वायफाय सतत चालू ठेवण्याची सोय बॅटरी खाते. कंपनीचे अपडेट आले की जोड निघून जाऊ शकते, वॉरंटीचा प्रश्नही उपस्थित होऊ शकतो. हे माहीत करून घेऊनच हात घालावा.

दुसरी जबाबदारी लेखकाप्रती. मोकळी वाट मिळाली म्हणून चोरलेली पुस्तके आत ओतणे हा त्या वाटेचा अपमान आहे. मराठी लेखकाला पुस्तकातून मिळणारे उत्पन्न आधीच तुटपुंजे असते. हक्क संपलेले, फुकट दिलेले आणि विकत घेतलेले वाङ्मय एवढेच आपले. त्यानेही आयुष्यभराचे वाचन पुरून उरेल.

म्हणून मागणे दोघांकडे आहे. मराठी प्रकाशकांनी आणि सरकारी मंडळांनी नुसती पीडीएफ न देता अक्षर लहानमोठे करता येईल असे ईपब द्यावे, आणि विकताना त्याला कुलूप घालू नये. वाचकांनी, विशेषतः घरातल्या तरुणांनी, ही एक ओळ लिहायला शिकावे आणि शेजारच्या घरातही लिहून द्यावी. भीमजी पारेखांना पैसे मोजूनही यंत्रात आपले अक्षर बसवण्याची विद्या पुरती साधली नाही. आपल्याकडे ती विद्या फुकट, खुली आणि हाताशी आहे. ती न शिकण्याला आता सबब उरलेली नाही.