निर्णयाचे फळ आणि निर्णयाची बुद्धी : लोब्युलर स्तनकर्करोगाच्या निमित्ताने

स्तनाच्या कर्करोगाच्या शंभर रुग्णांपैकी साधारण दहा ते पंधरा जणींना लोब्युलर प्रकारचा कर्करोग असतो. भारतातील रुग्णालयांच्या नोंदींत हे प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा कमी आढळते. दूध तयार करणाऱ्या ग्रंथींच्या खंडिकांवरून त्याला हे नाव मिळाले, पण त्याचे खरे वेगळेपण पेशींच्या वागण्यात आहे. शेजारच्या पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारे ई-कॅडहेरिन नावाचे प्रथिन असते आणि ते सोळाव्या गुणसूत्रावरील सीडीएच-१ या जनुकाच्या आज्ञेने तयार होते. लोब्युलर कर्करोगात हे प्रथिन बहुतेक वेळा नाहीसे झालेले असते. त्यामुळे पेशींचा गोळा बनत नाही. त्या एकामागे एक अशा बारीक ओळींनी ऊतींमध्ये शिरत जातात.

रोगाची बरीचशी लक्षणे आणि अडचणी या एका गोष्टीतून निघतात. हाताला टणक गाठ लागतेच असे नाही. कधी स्तनाचा एखादा भाग नुसता जाडसर लागतो, कधी कातडी आत ओढली जाते, तर कधी स्तनाग्र आत वळते. मॅमोग्राफीत तो अनेकदा निसटतो आणि एमआरआयमध्ये अधिक स्पष्ट दिसतो. शस्त्रक्रियेच्या वेळी तो अंदाजापेक्षा मोठा निघू शकतो. काढलेल्या भागाच्या कडेला कर्करोगाच्या पेशी सापडल्या की पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते. बहुतेक लोब्युलर कर्करोग इस्ट्रोजेनवर पोसणारे असतात, म्हणून हार्मोनविरोधी गोळ्या त्यावर चांगल्या लागू पडतात. मात्र तो हाडांखेरीज पोटाचे अस्तर, जठर, आतडी, अंडाशय अशा अनपेक्षित ठिकाणी पसरू शकतो, आणि दहा-पंधरा वर्षांनीही उलटू शकतो.

तत्त्वचिंतनाचा प्रश्न या शेवटच्या गोष्टीतून उभा राहतो. एखाद्या निर्णयाचे फळ पंधरा वर्षांनी दिसणार असेल, आणि ते दिसले तरी त्या निर्णयामुळेच मिळाले असे कधीच ठरवता येणार नसेल, तर तो निर्णय योग्य होता की नव्हता हे कशावरून म्हणायचे?

ही अडचण किती खरी आहे हे ‘ॲटलस’ या आंतरराष्ट्रीय चाचणीच्या आकड्यांवरून कळते. टॅमॉक्सिफेन ही हार्मोनविरोधी गोळी पाच वर्षे घेऊन थांबवावी की दहा वर्षे घ्यावी, हा तिचा प्रश्न होता. इस्ट्रोजेनवर पोसणारा कर्करोग असलेल्या स्त्रियांबाबतचे मुख्य निष्कर्ष 2012 च्या अखेरीस प्रसिद्ध झाले. ती चाचणी केवळ लोब्युलर रुग्णांची नव्हती, पण लोब्युलर रुग्णांपैकी बहुतेक जणी याच गटात मोडतात. पाच वर्षांनी गोळी थांबवलेल्यांपैकी पुढच्या दहा वर्षांत सुमारे 25 टक्के जणींचा रोग उलटला. गोळी चालू ठेवलेल्यांत हे प्रमाण सुमारे 21 टक्के होते. याचा हिशोब असा की शंभर जणींपैकी पंचाहत्तर जणी गोळी थांबवूनही ठीक राहिल्या असत्या, एकवीस जणींचा रोग गोळी घेऊनही उलटला असता, आणि चौघींना त्या जास्तीच्या पाच वर्षांनी वाचवले. गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचा धोका मात्र त्याच काळात 1.6 टक्क्यांवरून 3.1 टक्क्यांवर गेला. अंगातून वाफा येणे, झोपमोड, सांधेदुखी हे त्रास शंभरांतल्या कितीतरी जणींनी सोसायचे, आणि त्या चौघी कोण हे कुणालाच, खुद्द त्या चौघींनाही, कधी समजणार नाही.

आजारी बाईच्या घरात मात्र फळावरूनच निवाडा होतो. रोग उलटला तर ‘तेव्हाच पूर्ण स्तन काढायला हवा होता’ असे म्हटले जाते, आणि नाही उलटला तर डॉक्टर देवासारखे भेटले असे मानले जाते. दोन्ही विधाने सारखीच निराधार आहेत. ज्या गोष्टीचे कारण एका व्यक्तीपुरते शोधताच येत नाही, तिचे श्रेय आणि दोष दोन्ही इथे वाटून टाकलेले असतात. यात दोषाचे ओझे बहुधा त्या बाईवरच पडते, ही अधिक वाईट गोष्ट.

फळावरून कर्माची पारख करता येते का, हा प्रश्न मराठी वाचकाला नवा नाही. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेला आणि 1915 साली प्रसिद्ध झालेला ‘गीतारहस्य’ हा ग्रंथ याच प्रश्नाशी झटतो. ‘कर्मजिज्ञासा’ या प्रकरणात शहाण्या माणसालाही काय करावे हे सुचेनासे होते, असे प्रसंग टिळक एकामागून एक मांडतात. पुढे कर्माची किंमत त्याच्या बाह्य परिणामांवरून, किती जणांना किती सुख झाले यावरून ठरवणाऱ्या आधिभौतिक मताची ते सविस्तर तपासणी करतात आणि ते अपुरे ठरवतात. त्यांच्या मते कर्माची योग्यता पाहताना कर्त्याची बुद्धी पाहावी लागते. टिळकांचा विषय लोकव्यवहारातील नीती हा होता, आपल्याच शरीराविषयी घ्यायचा निर्णय नव्हे. तरीही हा विचार इथे लागू पडतो, आणि फार नेमका लागू पडतो. जिचे फळ मोजता येत नाही अशा निवडीत तपासण्यासारखे उरते ते एवढेच : त्या दिवशी काय माहीत होते, काय विचारले गेले, आणि भीतीने की विवेकाने ठरवले.

निष्काम कर्माचा सोयीस्कर अर्थ लावण्याचा मोह मात्र टाळावा लागतो. फळाची आसक्ती सोडणे म्हणजे बरे होण्याची इच्छा सोडणे नव्हे. आजारी बाईला ‘आता देवावर सोड’ असे सांगून तिचे प्रश्न बंद करणे, हा तर गीतेच्या नावाने चाललेला उलटा व्यवहार आहे. अर्जुनाला प्रश्न विचारू नकोस असे श्रीकृष्णाने सांगितले नाही. अठरा अध्याय त्याच्या प्रश्नांवरच उभे आहेत.

शुद्ध बुद्धी असली तरी ती माहितीशिवाय आंधळीच राहते. इथे चरकसंहिता मदतीला येते. प्रत्यक्ष, अनुमान आणि आप्तोपदेश यांच्या जोडीला चरक ‘युक्ती’ हे चौथे प्रमाण मानतो. अनेक कारणे एकत्र येऊन काय घडेल, हे तिन्ही काळांचा विचार करून ओळखणारी बुद्धी म्हणजे युक्ती. वय, गाठीचा आकार, काखेतील ग्रंथी, हार्मोनची चाचणी, हृदयाची आणि हाडांची स्थिती हे सारे एकत्र धरून संभव तोलणारा आजचा कर्करोगतज्ज्ञ याच प्रमाणाने चालतो. याच संहितेत चिकित्सेचे तीन प्रकार सांगितले आहेत : मंत्र, होम, उपवास अशी दैवव्यपाश्रय, आहार आणि औषधांची युक्तिव्यपाश्रय, आणि मनाला आवर घालणारा सत्त्वावजय. त्यामुळे नवस बोलणारी, पोथी वाचणारी बाई औषधांशी विसंगत वागते असे म्हणण्याचे कारण नाही. ती एकाच्या जागी दुसरे ठेवते तेव्हा, म्हणजे गोळी सोडून फक्त अंगारा लावते किंवा शस्त्रक्रिया पुढे ढकलून काढे घेत राहते तेव्हा, घोटाळा होतो. त्यात गेलेले महिने परत मिळत नाहीत.

दैवाविषयी चरकाची भूमिका आजही सांगण्यासारखी आहे. विमानस्थानाच्या तिसऱ्या अध्यायात आयुष्य ठरलेले असते की नसते, हा प्रश्न थेट विचारला आहे. पूर्वदेहातील कर्म ते दैव आणि या जन्मी केलेले ते पुरुषकार, आणि या दोहोंच्या बलाबलावर आयुष्य अवलंबून असते, असे तिथे उत्तर आहे. सगळ्यांचेच आयुष्य ठरलेले असते तर औषधांना आणि पथ्याला काही अर्थच उरला नसता, असा युक्तिवादही तिथे येतो. ‘भोग आहेत, भोगूनच संपवायचे’ हे वाक्य मराठी घरांत सहज उच्चारले जाते. एखादीला त्यातून धीर मिळत असेल तर तो तिच्याकडून काढून घेऊ नये. पण तेच वाक्य दुसऱ्याने तिला ऐकवले की त्याचा आरोप होतो. पेशीतील जनुकात बदल घडण्यामागे वय, हार्मोन, आनुवंशिकता अशी कारणे असतात, आणि कितीतरी वेळा निव्वळ यदृच्छा असते. त्यात पाप शोधायला जागा नाही.

आनुवंशिकतेने मात्र एक वेगळी जबाबदारी येते. काही कुटुंबांत सीडीएच-१ मधील बदल जन्मतःच असतो, आणि त्यांच्यात जठराच्या एका विशिष्ट कर्करोगाचा तसेच लोब्युलर स्तनकर्करोगाचा धोका बराच वाढतो. अशा घरात एकीची तपासणी ही तिच्या मुलींची आणि बहिणींचीही माहिती ठरते.

आता प्रत्यक्ष निवडी. शस्त्रक्रियेच्या बाबतीत जास्त कापले म्हणजे जास्त वाचले, ही समजूत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विल्यम हाल्स्टेड यांनी रूढ केलेल्या व्यापक शस्त्रक्रियेपासून चालत आली. अमेरिकेत बर्नार्ड फिशर आणि इटलीत उंबेर्तो वेरोनेसी यांनी तिची चाचणी घेतली. स्तन राखून गाठ काढणे व रेडिएशन देणे एकीकडे, आणि पूर्ण स्तन काढणे दुसरीकडे, अशा तुलनेत वीस वर्षांनंतरही आयुर्मानात फरक पडला नाही, असे दोघांचे अहवाल 2002 साली प्रसिद्ध झाले. कडा स्वच्छ मिळत असतील तर लोब्युलर रुग्णांनाही स्तन राखता येतो. दुसरा, निरोगी स्तनही काढून टाकावा असे काही जणींना वाटते. आनुवंशिक दोष नसलेल्यांत त्याने आयुष्य वाढते असे दिसलेले नाही. तरी या इच्छेला अविचार म्हणणे अन्यायाचे होईल. जिची मॅमोग्राफी एकदा निर्दोष आली आणि पाठोपाठ मोठा कर्करोग निघाला, तिचा त्या तपासणीवरचा विश्वास उडणे स्वाभाविक आहे. मनःशांती हेही मूल्य आहे. फक्त ही शस्त्रक्रिया मनःशांतीसाठी आहे, वर्षांसाठी नाही, हे तिला आधी स्पष्ट माहीत असायला हवे.

केमोथेरपीचा लाभ लोब्युलर प्रकारात बहुधा कमी मिळतो. शस्त्रक्रियेपूर्वी केमो दिली असता रोग पूर्ण विरघळल्याचे क्वचितच दिसते. गाठीतील जनुकांची चाचणी करून केमो टाळता येईल का, हे काही रुग्णांत ठरवता येते. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या ‘टेलरएक्स’ चाचणीने इस्ट्रोजेनवर पोसणारा कर्करोग असलेल्या आणि काखेतील ग्रंथींत रोग न गेलेल्या बहुसंख्य स्त्रियांना केमोची गरज नसते हे दाखवले. ही तपासणी महाग आहे, आणि ‘माझ्यावर एवढा खर्च नको’ हे वाक्य इथे हमखास येते. हा त्याग आहे की लहानपणापासून अंगी बाणवलेला स्वतःचा अनादर आहे, हे घरच्यांनी प्रामाणिकपणे पाहावे. पैशाचा विचार करणे अनैतिक नाही. तो तिच्याच बाबतीत पहिल्यांदा का सुचतो, हे मात्र तपासायलाच हवे.

निर्णय कुणाचा, हा प्रश्न त्याला लागूनच येतो. अहवाल मुलाच्या हातात, चर्चा नवऱ्याशी, आणि बाईला ‘साधी गाठ आहे’ असे सांगितलेले, हे चित्र अजून पुसलेले नाही. टिळकांनी सत्यालाही अपवाद असू शकतात का, याची चर्चा केली आहे. पण ज्या असत्यामुळे माणसाचा स्वतःच्या देहावरचा निर्णयच काढून घेतला जातो, त्याला प्रेमाचे समर्थन पुरत नाही. एका उपचाराला दिलेली संमती दुसऱ्या उपचाराला लागू होत नाही आणि संमतीपूर्वी पुरेशी माहिती मिळालीच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2008 साली स्पष्ट केले आहे. अर्थात काही जणी पूर्ण विचार करून म्हणतात, ‘तुम्हीच ठरवा, मला आकडे सांगू नका.’ तीही निवडच आहे. तिला विचारल्यानंतर ती तसे म्हणाली असेल, तरच.

रोग दूरच्या अवयवांत पसरल्यावर प्रश्नाचे रूप बदलते. आयुर्वेदात साध्य आणि असाध्य यांच्यामध्ये ‘याप्य’ असा एक वर्ग आहे. हा रोग बरा होत नाही, पण उपचार चालू असेतो आटोक्यात राहतो. पडू पाहणाऱ्या घराला नीट लावलेला टेकू जसा सावरून धरतो, तसा योग्य उपचार याप्य रुग्णाला सावरतो, असे सुश्रुताने म्हटले आहे. पसरलेला लोब्युलर कर्करोग पुष्कळदा असाच असतो. हार्मोनविरोधी गोळ्यांच्या जोडीला पॅल्बोसिक्लिब, रायबोसिक्लिब यांसारखी औषधे आल्यापासून रोग आटोक्यात राहण्याचा काळ वाढला. पॅल्बोसिक्लिबचे भारतातील पेटंट 2023 च्या जानेवारीत संपल्यावर ते अनेक घरांच्या आवाक्यात आले. या टप्प्यावर ‘मूळ गाठ तरी काढून टाका’ असा घरच्यांचा आग्रह असतो. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने 350 स्त्रियांवर केलेल्या आणि 2015 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मात्र मूळ गाठ काढल्याने आयुष्य वाढत नाही असे आढळले. काहीतरी केल्याचे समाधान आणि खरोखर उपयोगाचे करणे, यांतला फरक इतक्या स्वच्छपणे दाखवणारे काम आपल्याच शहरात झाले आहे.

टेकूही एके दिवशी पेलत नाही. पोटाच्या अस्तरात रोग पसरून अन्न उतरेनासे होते, औषधांचा त्रास त्यांच्या लाभाहून मोठा होतो. तेव्हा कर्करोगावरचा उपचार थांबवून वेदना, मळमळ, श्वासाचा त्रास यांवरच लक्ष देणे हाही उपचारच असतो, आणि वेदनाशामक सेवा खरे तर त्याच्या बरीच आधी सुरू व्हायला हवी. जगवणारी यंत्रे कधी नाकारायची, हे माणसाला शुद्धीत असताना लिहून ठेवता येते. सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली अशा आगाऊ निर्देशाला मान्यता दिली आणि 2023 च्या जानेवारीत त्याची रीत सोपी केली. आता दोन साक्षीदारांसमोर सही करून तो नोटरीकडून किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून प्रमाणित करून घेता येतो. त्यात आपल्या वतीने बोलणाऱ्या विश्वासू माणसांची नावे घालता येतात, आणि विचार बदलला तर तो रद्दही करता येतो.