सेवाधर्म आणि संप

रोजच्या वापरांतील शब्दांकडे थोडें थांबून पाहिलें, तर पुष्कळदां समाजाच्या नीतीचा इतिहासच त्यांत सांठलेला आढळतो. 'वेठ' हा असाच एक शब्द आहे. अंमलदाराचें सामान वाहण्यासाठीं, किल्ल्याच्या डागडुजीसाठीं, इनामदाराच्या वाड्यावरील कामासाठीं ज्यांना मोबदल्यावांचून राबावें लागे, ते वेठीला धरले जात. धरणारा सबळ आणि धरला जाणारा दुबळा, हा या शब्दाचा मूळ अर्थ. आज मात्र आमच्या बैठकींतून तो नेमका उलटा ऐकूं येतो. बसचालकांनीं गाड्या थांबविल्या, सफाई कामगारांनीं झाडू खालीं ठेवला, परिचारिकांनीं काम बंद केलें, कीं आम्ही सुशिक्षित मंडळी एका स्वरांत म्हणतों, "मागण्या रास्त असतील, पण यांनीं लोकांना वेठीस कां धरावें?"

हा प्रश्न केवळ बैठकींतला नाहीं. २००३ सालच्या जुलै महिन्यांत तमिळनाडु सरकारनें संपावर गेलेल्या सुमारे पावणेदोन लाख कर्मचाऱ्यांना एका फटक्यासरशीं कामावरून दूर केलें. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढें गेलें. त्या वर्षाच्या ऑगस्टमध्यें निर्णय देतांना न्यायालयानें म्हटलें कीं, सरकारी नोकरांना संपाचा मूलभूत हक्क नाहीं, कायदेशीर हक्क नाहीं, आणि नैतिक हक्कहि नाहीं. बिनशर्त माफी आणि पुढील वर्तनाची हमी लिहून दिल्यावर बहुतेकांना परत घेण्यांत आलें. यांपैकीं पहिल्या दोन विधानांची चर्चा कायदेपंडितांनीं करावी. तिसऱ्या विधानाची गोष्ट वेगळी आहे. नीति ही कोणत्याहि एका दरबाराची मिरास नव्हे. तिचा विचार करण्याचें कर्तव्य प्रत्येक विचारी माणसावर येऊन पडतें.

प्रथम विरुद्ध पक्ष त्याच्या पुऱ्या बळानिशीं मांडला पाहिजे. गिरणी बंद पडते तेव्हां मालकाचा नफा बुडतो आणि कामगाराची मजुरी बुडते. झुंज दोघांची असते आणि घावहि दोघांनाच लागतात. लोकसेवेच्या संपांत एक तिसरा पक्ष असतो. त्याचें भांडण कोणाशींच नसतें, पण बहुतेक घाव त्याच्याच अंगावर पडतात. एस. टी. थांबली म्हणून मंत्र्याचा प्रवास थांबत नाहीं आणि आमच्यासारख्या मोटारवाल्याचाहि थांबत नाहीं. थांबतो तो बाजाराला निघालेल्या म्हातारीचा आणि शाळेला निघालेल्या पोराचा.

हें आम्ही पुस्तकांतून शिकलों नाहीं. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस एस. टी. कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला आणि नोव्हेंबरांत तो राज्यभर पसरला. दीड वर्षाच्या टाळेबंदीनंतर महाविद्यालयें नुकतीच उघडलीं होतीं. आमच्या वर्गांत पहिल्या बाकावर बसणारी एक विद्यार्थिनी दिवाळीनंतर दिसेनाशी झाली. तिचें गांव वीस-बावीस मैलांवर. पुढें ती भेटली तेव्हां म्हणाली, "सर, वडील म्हणतात, एस. टी. असेल तरच जायचं. जीपमध्यें बसायचं नाहीं." तिच्या वडिलांच्या दृष्टीनें एस. टी. हें केवळ वाहन नव्हतें, ती एक हमी होती. गणवेशांतला वाहक आहे, ठरलेली वेळ आहे, गाडीमागें सरकार उभें आहे, या भरंवशावर त्या माणसानें मुलीला उंबऱ्याबाहेर पाठविलें होतें. एप्रिल २०२२ मध्यें उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर कर्मचारी कामावर परतले. परंतु त्या मुलीचें वर्ष गेलें तें गेलेंच. संपाच्या बाजूनें बोलणाऱ्यानें या मुलीच्या डोळ्याला डोळा देऊन बोललें पाहिजे, असें आम्हांस वाटतें.

आतां दुसरी बाजू. १ जून १९४८ रोजीं पुण्याहून नगरला पहिली एस. टी. धांवली. तेव्हांपासून जी हमी ही गाडी खेड्यापाड्यांना देत आली ती कोणाच्या जिवावर? रात्रीं मुक्कामाच्या गाडींतच अंग टाकणाऱ्या चालकाच्या आणि वाहकाच्या. त्याचा पगार तुटपुंजा, आणि तोहि वेळेवर मिळेल अशी शाश्वती नाहीं. त्या हिवाळ्यांत कर्मचाऱ्यांच्या आत्महत्यांच्या वार्ता एकामागून एक येत होत्या. मुलीच्या बापाला जी हमी मिळत होती ती देणाऱ्याच्या स्वतःच्या घरीं कोणतीच हमी नव्हती. आम्ही त्याला 'सेवा' हा शब्द ऐकवितों. परंतु सेवा हा धर्म असेल, तर तो दोन्ही बाजूंनीं बांधणारा असला पाहिजे.

रस्किन या इंग्रज ग्रंथकारानें १८६० साली अर्थशास्त्रावर जे निबंध लिहिले, आणि ज्यांनीं पुढें गांधीजींच्या आयुष्याला वळण दिलें, त्यांत त्यानें एक मार्मिक प्रश्न विचारला आहे. समाज व्यापाऱ्यापेक्षां शिपायाला अधिक मान कां देतो? त्याचें उत्तर असें कीं, प्रसंगीं आपली जागा न सोडतां मरण्याची शिपायाची तयारी असते. हें उत्तर आम्हांस मान्य आहे; पण त्यांतून निघणारा दुसरा सिद्धांतहि मान्य करावयास हवा. ज्याच्याकडून शिपायाची निष्ठा मागावयाची त्याच्या योगक्षेमाचा भार समाजानें शिपायाच्या योगक्षेमाप्रमाणेंच उचलावयास हवा. कर्तव्य मात्र सैनिकाचें आणि वेतन रोजंदारीचें, असा करार कोणी करूं म्हणेल, तर त्याला सेवा हें नांव शोभत नाहीं. त्याचें जुनें नांव वेठ हेंच आहे. १९३८ साली मुंबईच्या विधिमंडळांत औद्योगिक कलहाचें विधेयक आलें असतां डॉ. आंबेडकरांनीं जो विरोध केला त्याचें मर्म हेंच होतें. काम नाकारल्याबद्दल माणसाला शिक्षा करणें म्हणजे त्याला गुलाम करणें होय, असें त्यांचें प्रतिपादन होतें. आणि त्या वर्षीं ७ नोव्हेंबरला या विधेयकाविरुद्ध मुंबईच्या कामगारांनीं एक दिवसाचा संपहि केला.

म्हणजे संपाचा नैतिक हक्क सरसकट नाकारतां येत नाहीं. आम्ही स्वतः तरी तो कोठें नाकारतों? जुलै १९०८ मध्यें लोकमान्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हां मुंबईच्या गिरणीकामगारांनीं सहा दिवस काम बंद ठेवलें. हा संप आम्ही अभिमानानें मुलांना सांगतों. त्या सहा दिवसांत मुंबईकरांची गैरसोय झाली नसेल काय? परंतु तो संप आपल्या कामासाठीं होता, म्हणून तो आपल्याला त्याग वाटतो. हा भेद नीतीचा नाहीं, सोयीचा आहे.

मात्र हक्क सिद्ध झाला म्हणजे त्याचा प्रत्येक वापर योग्य ठरतो असें नाहीं. तिसऱ्या पक्षाला दुखविणारें शस्त्र उचलणाऱ्यानें कांहीं कसोट्या स्वतःस लावून घेतल्या पाहिजेत. आमच्या अल्प बुद्धीस अशा तीन कसोट्या सुचतात.

पहिली कसोटी ही कीं, मागणी मान्य झाली तर सेवाहि सुधारावी. २०१२ च्या सप्टेंबरांत अमेरिकेंतील शिकागो शहराच्या सरकारी शाळांतील सुमारे २६ हजार शिक्षकांनीं संप केला. त्यांत पगाराचा प्रश्न होताच. पण त्याबरोबर वर्गांत किती मुलें कोंबावयाचीं, गरीब वस्तीच्या शाळेला ग्रंथपाल, परिचारिका, संगीत आणि चित्रकलेचे शिक्षक मिळावयाचे कीं नाहींत, हेहि प्रश्न होते. संपापूर्वींच शिक्षकांच्या संघटनेनें आपल्या मुलांना कशा शाळा मिळावयास हव्यात याचें टिपण प्रसिद्ध केलें होतें आणि वस्त्यावस्त्यांतील पालकांशीं बोलणें ठेवलें होतें. म्हणून सात शालेय दिवस शाळा बंद राहिल्या असतांहि पुष्कळ पालक शिक्षकांबरोबर रस्त्यावर उभे राहिले. यश पुरें आलें असें नव्हे. पुढच्याच वर्षीं तेथें जवळजवळ ५० शाळा बंद करण्यांत आल्या. पण त्या शाळांसाठीं रडणारे केवळ शिक्षक नव्हते, हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे.

दुसरी कसोटी ही कीं, घाव शक्य तितका ज्याच्याशीं भांडण आहे त्याच्यावरच पडावा. २०१८ च्या एप्रिलमध्यें जपानांतील ओकायामा शहरीं बसचालकांनीं संप केला, पण गाड्या बंद ठेवल्या नाहींत. गाड्या नेहमींप्रमाणें धांवल्या. भाडें मात्र कोणाकडून घेतलें नाहीं. मालकाची तिजोरी थांबली, प्रवासी थांबला नाहीं. हा मार्ग सर्वत्र शक्य असतो असें आम्ही म्हणत नाहीं. आमच्याकडे एखाद्या वाहकानें असें केलें तर त्याच्यावर अपहाराचा खटला व्हावयाचा. परंतु असा मार्ग आहे काय, हें शोधण्याचे श्रम संपापूर्वीं व्हावेत, इतकी अपेक्षा अवाजवी नाहीं.

तिसरी कसोटी सर्वांत कठीण आहे. लढणाऱ्यांनीं आपल्यांतल्या सर्वांत दुबळ्याला बरोबर घेतलें आहे काय? येथें आम्हांस स्वतःचीच साक्ष काढणें भाग आहे. २०१३ साली फेब्रुवारीपासून मेपर्यंत राज्यांतील प्राध्यापकांनीं परीक्षांच्या कामावर बहिष्कार टाकला होता, आणि त्यांत आम्हीहि होतों. सहाव्या वेतन आयोगाची थकबाकी हा त्यांतला एक मुख्य मुद्दा होता. मागणी न्याय्य होती. ती आजहि आम्हांस न्याय्यच वाटते. त्या दिवसांत आमच्याच विभागांत एक तरुण तासिका तत्त्वावर शिकवीत असे. आमच्याइतकाच शिकलेला, आमच्यापेक्षां कष्टाळू. वर्षांतले कांहीं महिने त्याला एक पैहि मिळत नसे. एके दिवशीं सभेहून परततांना त्यानें अगदीं सहज विचारलें, "सर, तुमच्या मागण्यांत आमचं कांहीं आहे का हो?" आम्ही कांहीं तरी गुळमुळीत उत्तर दिलें. त्या प्रश्नाला रोष नव्हता, म्हणूनच तो आजवर सलत राहिला आहे. विद्यार्थ्यांचे निकाल अडवून धरण्याइतका आमचा प्रश्न महत्त्वाचा होता. पण शेजारच्या खुर्चींतील माणसाचें नांव आमच्या पत्रकांत घालण्याइतका त्याचा प्रश्न आम्हांस महत्त्वाचा वाटला नाहीं. विद्यार्थ्यांच्या आईबापांनीं त्या वेळीं आम्हांला नांवें ठेवलीं, तीं सर्वस्वीं अन्यायानें ठेवलीं असें म्हणण्याचें धैर्य आम्हांस होत नाहीं.

याच्या उलट चित्रहि आमच्या मुंबईंतच पाहावयास मिळतें. शहराचा कचरा वाहणाऱ्या कंत्राटी कामगारांनीं आपली संघटना उभारून वर्षानुवर्षें न्यायासाठीं दाद मागितली, आणि २०१७ च्या एप्रिलमध्यें सर्वोच्च न्यायालयानें सुमारे २७०० कामगारांना महापालिकेच्या कायम सेवेंत घेण्याचा निर्णय कायम केला. ज्यांना कामगार म्हणावयासहि कोणी तयार नव्हतें अशांचा हा विजय होता. शहर मात्र त्या बातमीवरून सहज पुढें गेलें. आमच्या दाराशीं येणाऱ्या माणसाचें आयुष्य पालटलें, याची आम्हांला वार्ताहि नव्हती.

येथें आम्ही प्रश्नाच्या दुसऱ्या अर्ध्या भागाशीं येतों. तो भाग संप करणाऱ्यांचा नाहीं, आपला आहे. १ फेब्रुवारी १९६८ रोजीं अमेरिकेंतील मेंफिस शहरीं पावसापासून आडोसा म्हणून कचऱ्याच्या गाडींत बसलेले दोन सफाई कामगार यंत्र अकस्मात् चालू झाल्यानें चिरडून मेले. पुढें सुमारे १३०० कामगारांनीं काम थांबविलें. त्यांच्या हातांतील फलकांवर पगाराचा आंकडा नव्हता. 'मी माणूस आहें' एवढेंच लिहिलेलें होतें. शहरांतील काळ्या वस्तीचे धर्मोपदेशक, विद्यार्थी, गृहिणी त्यांच्या पाठीशीं उभे राहिले. मार्टिन ल्यूथर किंग त्यांच्यासाठीं तेथें आले आणि ४ एप्रिलला त्यांची हत्या झाली. १६ एप्रिलला शहरानें त्या कामगारांची संघटना मान्य केली. या कथेंत कचरा सांचल्याची तक्रार करणारे लोकहि होते. इतिहासानें त्यांचीं नांवें राखून ठेवलीं नाहींत.

आपण मध्यमवर्गीयांनीं गेल्या एका पिढींत काय केलें? पालिकेची शाळा सोडली, सरकारी रुग्णालय सोडलें, एस. टी. सोडली. प्रत्येक वेळीं कारण खरें होतें. सेवा बिघडलेली होती. पण जाणारे निघून गेले ते नेमके तक्रार-अर्ज लिहूं शकणारे, वर्तमानपत्रांत पत्र धाडूं शकणारे आणि अधिकाऱ्याच्या खोलींत न बिचकतां शिरूं शकणारे होते. मागें राहिले ते दोघे: ज्याला दुसरा उपाय नाहीं असा घेणारा, आणि ज्याला दुसरी नोकरी नाहीं असा देणारा. हे दोघे एकमेकांवर चिडलेले राहिले, तर तिजोरी सांभाळणाऱ्याला कोणाचेंच भय उरत नाहीं. हे दोघे एकत्र आले, तर पुष्कळ संप करावेच लागणार नाहींत. लोकसेवेच्या संपाचा खरा नैतिक दोष काम थांबण्यांत नसून, काम थांबेपर्यंत या दोघांनीं एकमेकांशीं बोललेंच नव्हतें, यांत आहे. आणि त्या दोषांत, घरीं बसून निवाडा देणारे आम्हीहि वाटेकरी आहों.

त्या हिवाळ्यांत आमच्या गांवच्या आगारासमोर कर्मचारी मंडप घालून बसले होते. आमचा सकाळच्या फिरण्याचा रस्ता तेथूनच जातो. पांच महिन्यांत एकदांहि त्या मंडपांत जाऊन बसावें असें आम्हांस सुचलें नाहीं. त्यांच्या मागण्या काय आहेत हें विचारलें असतें, आणि त्यांना त्या मुलीची हकीकतहि सांगितली असती. कदाचित् आडमार्गाच्या गांवांना सकाळ-संध्याकाळ एक तरी गाडी सोडा असें आम्हीं म्हटलें असतें, आणि तुम्ही चार प्रतिष्ठित लोक आमच्यासाठीं शब्द टाका असें त्यांनीं म्हटलें असतें. कोणाचें किती ऐकलें गेलें असतें तें सांगवत नाहीं. परंतु आम्ही रोज तेथून गेलों, आणि घरीं येऊन म्हणालों कीं, यांनीं लोकांना वेठीस धरलें आहे.